जावयाचं घड्याळ

१७ डिसेंबर २०२३

आज अनूची सुपारी फुटली. मुरगूडचं स्थळ आहे. मुलगा अमरसिंह, वडील विजयसिंह, दारात दोन गाड्या, कागलला मोटारसायकलींचं शोरूम. त्यांच्या घरात सगळ्यांच्या नावाला सिंह, आणि मी आपला पिराजी. पण माणसं दिलदार वाटली. विजयसिंह सगळ्यांच्या देखत म्हणाले, "आमाला कायबी नको पावणं. नारळ आन् पोरगी द्या. फकस्त पोराच्या हातात घड्याळ तेवढं बरं घाला. चारचौघांत हात वर केला तर दिसलं पायजे."

सगळे हसले, मीही हसलो. येताना गाडीत शालू म्हणाली, "कायबी नको म्हणणारीच माणसं शेवटाला म्हाग पडत्यात." आमच्या हिला दुधात मिठाचा खडा टाकायची जुनी सवय आहे.

हुपरीत पैंजणं करण्यात माझं निम्मं आयुष्य गेलं. आता कोल्हापूरच्या गुजरीत, सराफ बाजारात, दुकान आहे, राजारामपुरीत घर आहे, हुपरीचा कारखाना पुतण्याबरोबर चालू आहे. पण माझी अक्कल चांदीपुरती. घड्याळातलं मला ओ की ठो कळत नाही. बँकेची डायरी दरवर्षी येते आणि कोरीच रद्दीत जाते. यंदा तिच्यात घड्याळाबद्दल कळेल ते लिहीन म्हणतो. एकुलती एक पोरगी आहे, जावयाच्या हातात शोभेल असंच घालायचं.

२ जानेवारी २०२४

घड्याळात शिरलो आणि अडकलो. दुकानात गिऱ्हाईक नसलं की मोबाईलवर व्हिडिओ बघतो. कंपन्यांची नावं घेताना जीभ अडखळते, म्हणून हुपरीत आम्ही एकमेकांचा माल मार्क्यावरून ओळखतो तसं इथं लिहितो.

मुकुटवाली सगळ्यांत नावाजलेली. परत विकायला गेलं तर मोड उत्तम येते. पण दुकानात माल नसतो, नाव नोंदवा आणि वाट बघा म्हणतात. वाट बघायला जावई काय म्हातारा होईपर्यंत थांबणार का? नालवालीचं चिन्ह घोड्याच्या नालासारखं. तिला म्हणे लोहचुंबकाचंही भय नाही. जपानी बघितली, फोटो मोठा करकरून बघितली. तिची धार, तिची झळाळी बघून मी कारागीर म्हणून हात जोडले. पण मुरगुडात जपानी म्हटल्यावर लोक मोबाईलचं घड्याळ समजतील. मग हंसवाली. ही स्विस, वजनाला भारी, पुण्यात स्वतःचं सर्व्हिस सेंटर आणि पाच वर्षांची वॉरंटी. माझं मन सध्या हंसावर बसलं आहे.

चांदीचं सोपं असतं. वजन, टंच म्हणजे चांदीची शुद्धता, आणि घडणावळ. मोडायला आणलं तर घडणावळ गेली, चांदी राहिली. घड्याळात सगळी घडणावळच आहे, वितळवलं तर हातात लोखंड येईल. म्हणून तीनच गोष्टी बघायच्या ठरवल्या आहेत. बिघडायची शक्यता किती, बिघडलं तर बघणार कोण, आणि नको झालं तर परत कोण घेणार.

११ फेब्रुवारी

अनू आणि अमरसिंह काल रंकाळ्यावर फिरायला गेले होते. आज नाश्त्याला बसल्यावर अनू म्हणाली, "पप्पा, काल एकाच्या स्कूटीचा गाडीला धक्का लागला. त्यांनी खाली उतरून त्या माणसाला मारलं. म्हातारा होता वो."

"रग हाय म्हणायची," मी म्हणालो. "कोल्हापूरचं पोरगं म्हटल्यावर रग नको?"

शालूनं पोहे वाढता वाढता माझ्याकडं बघितलं. अनू पुढं म्हणाली, "मला लॅबमधलं कामबी सोडायला सांगितलंय."

"लग्न तर होऊ दे. मग बघू की."

तिला मी मोबाईलवर दोन फोटो दाखवले. एकात काचेभोवतीचं कडं साधं गुळगुळीत, दुसऱ्यात बारीक कंगोऱ्यांचं. कुठलं बरं म्हणून विचारलं. तिनं फोटोकडं न बघताच सांगितलं, "साधं."

लग्न ठरलं की पोरी अशाच हळव्या होतात. शालूही झाली होती म्हणे, तिच्या आईनं मला सांगितलेलं आठवतंय.

९ मार्च

पुण्याला जाऊन घेऊन आलो. हंसच घेतला.

दुकानात मोना नावाची मुलगी होती, फार समजूतदार. तिनं सांगितलं, हे ऑटोमॅटिक आहे काका, हात हालेल तशी चावी भरते, काढून ठेवलं की दोन दिवसांत थांबतं. मग म्हणाली, रोजच्या वापराला साधं कडं बरं, कंगोऱ्याचं कशाला तरी घासतं, टोचतं. मी दोन्ही हातात घेऊन बघितली. कंगोऱ्यावर बोट फिरवलं आणि तिथंच माझा जीव अडकला. एकेक धार सारखी, एकाही रेघेत चूक नाही. असं काम करणारा हात मला हुपरीत शोधून दाखवा. अनूनं साधं म्हटलं होतं, पण साधं लांबून दिसत नाही. कंगोऱ्याचं बांधून घेतलं.

बिघडलं तर काय, म्हणून पुन्हा विचारलं. मोना म्हणाली, "पाच वर्षं काळजी नको काका." परतीच्या गाडीत डबा मांडीवर घेऊन बसलो होतो. पोरीच्या संसाराची पहिली वीट आपण नीट ठेवली, असं वाटून डोळे भरून आले.

१९ मे

लग्न पार पडलं. अमरसिंहांनी घड्याळ उजव्या हातात बांधलं, हल्ली तशी फॅशन आहे म्हणे. दोघातिघांनी मला बाजूला घेऊन विचारलं, कुठनं आणलासा. छाती फुगली. अनू गाडीत बसताना रडली नाही. शालूच रडली.

४ ऑगस्ट

पहिला आखाड मुलीनं माहेरी काढायचा. अनूची खोली झाडून ठेवली होती. पण तिकडून निरोप आला की शोरूमला गर्दी आहे, घरात माणूस नाही, जमणार नाही. शालू चार दिवस माझ्याशी धड बोलली नाही, जसा काही मीच आखाड बंद केला.

आज विजयसिंहांचा फोन आला. "पावणं, घड्याळ कसलं दिलासा? पट्ट्याचं लॉकच वाकडं झालंय की." कानशिलं तापली. जावयाच्या अंगावर आपण घातलेली वस्तू बिघडली तर ती नीट करून देणं मुलीच्या बापाचं काम, नाहीतर चारचौघांत त्याचीच अब्रू जाते. तसाच मुरगूडला गेलो. अनूनं चहा आणून ठेवला आणि आत गेली. डोक्यावरून पदर घेतला होता. मला बरं वाटलं, पोरगी घराला लागली.

लॉक हुपरीत आणून मी स्वतः सरळ केलं. कड्यावर एका बाजूला टवका होता, पट्ट्यावर ओरखडे होते. पुण्याला कशाला पाठवायचं? पॉलिशच्या चाकावर, बफवर धरलं, हलक्या हातानं घेतलं, मग कापडावर घासलं. हुपरीतून कुठलीच वस्तू डागाची बाहेर पडत नाही. परत दिलं तेव्हा अमरसिंह उलटंपालटं करून बघत राहिले. मग हसून म्हणाले, "मामा, तुमचा हात म्हणजे हातच हाय. कायसुद्धा कळत न्हाय." माझ्या कामाला मिळालेली ही सगळ्यांत गोड दाद.

३ नोव्हेंबर

दिवाळसण झाला. दोघं पाडव्याला आली आणि आज भाऊबीज झाल्या झाल्या गेली. अनूनं केस कापलेत, मानेपर्यंतच. एवढा लांब शेपटा होता. मी म्हणालो, हे काय गं? म्हणाली, "गळत हुते पप्पा." शालूनं तिला माडीवर नेऊन केसांना तेल लावलं. खाली आली तेव्हा शालूचा चेहरा उतरला होता. काय झालं विचारलं तर म्हणाली, "सांगायचं न्हाय म्हणून शपथ घातलीया तिनं." बायकांच्या शपथा बायकांना लखलाभ.

घड्याळ मात्र पुन्हा खराब झालंय. कंगोऱ्यांत काळपट मळ बसला होता. पैंजणाला करतो तसं रिठ्याचं पाणी केलं, पट्टा सोडवून त्यात टाकला आणि बारीक ब्रशनं घासला. पट्ट्याच्या कड्यांत केस अडकलेले निघाले, लांब लांब, सात-आठ तरी. हीच घड्याळ बांधून देत असणार रोज सकाळी, म्हणून अडकले असतील. नवीन नवीन संसाराचं असंच असतं. केस काढून टाकले, कडं पुन्हा बफवर घेतलं. निघताना अमरसिंहांच्या हातात लखलखीत घड्याळ बांधलं.

२२ फेब्रुवारी २०२५

घड्याळ बंद पडलं. नऊ महिन्यांत. विजयसिंह फोनवर म्हणाले, "न्हाय जमत तर न्हाय म्हणायचं, असलं हलकं कशाला घालायचं?" आयुष्यात मला मालावरून कुणी बोललं नव्हतं. घड्याळ आणून पुण्याला पाठवलं.

शालूनं विचारलं, "घड्याळच बघून आलासा, का पोरगीबी बघितलासा?"

"आत कामात होती, हाक मारली, व्हय म्हणाली."

शालू कपडे वाळत घालायला गेली. हिचं बोलणं हल्ली सुईसारखं झालंय.

४ मार्च

पुण्याच्या सर्व्हिस सेंटरमधल्या बाईंचा फोन. म्हणाल्या, आतली बारीक दांडी मोडली आहे, घड्याळ जोरात आपटलंय, हे वॉरंटीत बसत नाही. मी म्हणालो, आपटायला ते काय भांडं आहे का, माणसाच्या हातात असतं. त्यांनी विचारलं, "घालणारे काय काम करतात? हातोडीचं वगैरे?" मी म्हणालो, शोरूममध्ये खुर्चीवर बसतात, कागदसुद्धा दुसरा उचलतो. मग म्हणाल्या, "बाहेरून कुणी पॉलिश केलंय का? करू नका साहेब. मार कुठं बसलाय ते आम्हाला दिसतच नाही मग."

एवढ्या तणतणीतही मला जरा बरं वाटलं, की माझ्या हातचं पॉलिश कंपनीच्याही डोळ्यांना पार फसवतं.

दिवसभर पुन्हा व्हिडिओ बघितले. नालवाली घेतली असती तर? जपानी घेतली असती तर? धक्का सहन करणारी रबरी पट्ट्याचीही मिळतात, सैनिक वापरतात ती. पण सैनिकाचं घड्याळ जावयाला कसं घालायचं? कुठं चुकलो हेच कळत नाही. तिन्ही गोष्टी बघूनच तर घेतलं होतं.

२८ जून

मुरगूडला गेलो होतो. पैसे भरून पुण्याहून नीट करून दिलेलं घड्याळ परत बिघडलं होतं. या वेळी काच तडकली होती.

सोप्यात बसलो होतो. विजयसिंह घड्याळांवर बोलत होते, त्यांच्या साडूच्या जावयाला मुकुटवालं मिळालंय वगैरे. अनू पाणी घेऊन आली. तांब्या ठेवायला वाकली आणि डोक्यावरचा पदर सरकला.

ठसा ओळखणं हा माझा धंदा आहे. कुठलंही पैंजण हातात द्या, कुणाच्या डायवर मारलंय ते सांगतो. अनूच्या उजव्या भुवईच्या वर, कपाळाच्या कडेला, बारीक रेघा होत्या. एकीला लागून एक, अर्ध्या गोलात, एकाही रेघेत चूक नाही. जुन्या होत्या, पांढऱ्या पडलेल्या. त्यांच्या खाली तसाच दुसरा अर्धगोल होता, तांबडा, अजून ओला.

पुण्याच्या दुकानात या रेघांवरून मी बोट फिरवलं होतं.

तिनं पदर ओढला आणि माझ्याकडं बघितलं. मला वाटलं, आता उठून त्या माणसाची गचांडी धरावी. नाही धरली. आत अमरसिंह जेवत होते, त्यांच्या ताटाचा आवाज येत होता. मी समोर आलेला चहाचा कप उचलला आणि पूर्ण प्यालो. मला चहा कसा गेला ते देवालाच माहीत. मग म्हणालो, "घड्याळ द्या, नीट करून आणतो. आन् अनूलाबी दोन दिस नेतो. तिच्या आईला बरं न्हाय."

"न्या की," विजयसिंह म्हणाले. "घड्याळ तेवढं बेगीनं पाठवा, पोराचा हात मोकळा बरा दिसत न्हाय."

गाडीत अनू शेजारी बसली होती. घड्याळ रुमालात गुंडाळून खिशात होतं. कागलच्या पुढं आल्यावर तिनं विचारलं, "आईला काय झालंय?"

मी म्हणालो, "काय न्हाय. तुला काय झालंय ते आईला दिवाळीपासनं म्हायती हाय न्हवं?"

ती म्हणाली, "व्हय." मी गाडी बाजूला घेतली आणि उतरून उसाच्या कडेला जाऊन उभा राहिलो.

३० जून

शालूनं सगळं सांगितलं. दिवाळीत माडीवर डोकं बघितलं तेव्हा मागं केसांचा पुंजका उपटलेला होता. अनूनं शपथ घातली, कारण लग्न मोडलं तर पप्पांना गुजरीत तोंड दाखवायला जागा राहणार नाही असं तिला वाटलं. म्हणजे पोरगी माझी अब्रू सांभाळत होती आणि मी घड्याळ.

"मला का नाही सांगितलंस?" मी शालूला विचारलं.

"तुमाला सांगून काय झालं असतं? रग हाय म्हणला असता."

मी रुमालातलं घड्याळ तसंच कपाटात ठेवलं.

९ जुलै

नसरीन मॅडमकडं गेलो होतो. कोर्टाजवळ त्यांचं ऑफिस आहे, बायकांच्याच केसेस लढवतात. सडेतोड बाई. अनूला आधी बोलू दिलं, मला बाहेर बसवलं. मग आत बोलावलं.

म्हणाल्या, "दवाखान्याचा एकबी कागद न्हाय. घरातच हळद भरलीया. शेजारी बोलणार न्हाईत, गावात त्यांचं वजन हाय. तिकडचा वकील म्हणणार, न्हाणीत पाय घसरला. आता ही शेवटची जखम तेवढी हातात हाय."

मी खिशातून रुमाल काढून टेबलावर ठेवला. घड्याळ तसंच आणलं होतं. या वेळी बफ नाही, रिठा नाही. कंगोऱ्यात वाळलेलं रक्त तसंच आहे, काच तडकलेली तशीच. मॅडमनी रुमालाला हात न लावता वाकून बघितलं.

"ह्ये चांगलं केलासा. ह्याच्या आधी कवा बिघडलं हुतं?"

"लॉक वाकलं हुतं, कड्याला टवका हुता. मग कंगोऱ्यात काळा मळ, पट्ट्यात केस. मग बंद पडलं."

"त्याचं काय फोटो? काय खूण? एक डाव म्हणजे अपघात हुतो, काका. तीन डाव म्हणजे सवय. ते दाखवता आलं पायजे."

मी म्हणालो, "खूण न्हाय राहिली. मी नीट केलं."

"नीट म्हणजे?"

"पॉलिश केलं. हुपरीचं."

मॅडमनी पेन खाली ठेवलं.

१३ जुलै

आज अमरसिंहांचा फोन आला, अनूला नव्हे, मला. आवाजात काहीच नाही, नेहमीसारखं. "मामा, झालं का घड्याळ?" मी म्हणालो, न्हाय, आणि फोन ठेवला. इतक्या दिवसांत त्यांना हे एवढंच बोललो.

अनू गॅलरीत तांदूळ निवडत बसली होती. तिनं ऐकलं. मी तिच्याजवळ जाऊन खाली बसलो. म्हणालो, "मला कळलं न्हाय गं. मला खरंच कळलं न्हाय."

ती निवडत राहिली. मग खाली बघतच म्हणाली, "तुमी लॉक नीट करून पाठवलासा न्हवं, आखाडाच्या टायमाला? त्या दिवशी त्यांनी मला ते दाखवलं. म्हणाले, बघ, तुझ्या बापाला सगळं कळतंय. कारागीर माणूस हाय, टवका कशाचा ते त्याला कळणार न्हाय व्हय? तरी नव्यासारखं करून पाठवलंय. म्हणजे त्याचंबी काय म्हणणं न्हाय."

तिनं तांदळातला खडा काढून बाजूला ठेवला.

"मलाबी तसंच वाटलं हुतं पप्पा," ती म्हणाली. "दिवाळीला तुमी परत पॉलिश केलासा, तवा."

पुतण्याचा हुपरीहून फोन येऊन गेला, माल तयार आहे, पॉलिशचा शेवटचा हात तुम्हीच मारा म्हणून. त्याला म्हणालो, तूच मार, मी काही दिवस येणार नाही.